विसावं नाव

वीस नावं भरली असती तर कल्याणराव गुरुजींचं काय काय साधणार होतं, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्यांच्या त्यागाबद्दल कुणाचा गैरसमज नको. हिवरखडीच्या शाळेतली दुसऱ्या शिक्षकाची जागा वाचणार होती, आणि ते दुसरे शिक्षक म्हणजे गुरुजीच. जागा गेली असती तर त्यांची रवानगी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली असती आणि शिरूर कासारातली भाड्याची खोली, पोराची बालवाडी, महानंदाबाईंचं शिवणयंत्र, असा जमलेला सगळा संसार उचलावा लागला असता. शिवाय सातवीतली सत्यभामा गावात राहिली तर पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळायला बिनपगारी मास्तरीण आयतीच होती. पोरांचं भलं होणार होतं ते वेगळं. ते मी शेवटच्या रकान्यात धरतो. गुरुजींनी पालकसभेच्या भाषणात मात्र ते पहिल्या रकान्यात धरलं होतं.

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. तो दुष्काळाचा तिसरा हंगाम होता. संस्थेत दूध येणं बंद झालं होतं, माणसं तेवढी येत होती, सावलीला बसायला. त्यामुळं माणसं मापायला मला भरपूर सवड होती.

गुरुजी मूळचे सिरसाळ्याचे. त्यांचे वडील गुरुपादअप्पा यांचं तिथं किराणा दुकान. पोरगा डी.एड. होऊन मास्तर झाला तेव्हा अप्पा म्हणाले होते म्हणे, "आरं, ह्यो माल खपायचा कुठं?" पण दुकानदाराचं रक्त लपत नाही. गुरुजी खडूसुद्धा मोडून अर्धा अर्धा द्यायचे आणि उरलेला तुकडा संध्याकाळी परत घ्यायचे. त्यांना तसं वागणं भागच होतं. शाळेला खोल्या दोन, वर्ग सात. एका खोलीच्या स्लॅबला तडा गेलेला, म्हणून तिथं फक्त बारकी पोरं बसवायची. गुरुजींचं म्हणणं, ती हलकी असतात. सातवीत पोरं अकरा आणि गणिताची पुस्तकं चार. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता, त्यातला मराठवाडा उंदरांनी खाल्लेला. साहेब तपासणीला आले की गुरुजी त्या भोकाखाली उभे राहून शिकवायचे.

दिवाळी झाली की आमच्या गावात साखर कारखान्यांचे ट्रक येतात. दीडशे घरांतली शंभर घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, पोरांसकट. शाळेच्या पटावर चौऱ्याऐंशी नावं. ट्रक गेले की समोर तीस, आणि तिसांना दुसरा मास्तर कशाला, असा वरून सवाल. त्या साली तालुक्याच्या साहेबांनी गुरुजींना सांगितलं, आईबाप गेल्यावर वीस पोरं मागं ठेवत असाल तर हंगामी वसतिगृह मंजूर करतो, दोन वेळचं जेवण सरकारचं. एकोणीस असली तरी मंजूर नाही. आणि वसतिगृह नसलं तर त्या एकोणिसांना जेवू कोण घालणार? तीही ट्रकमध्ये चढणार. म्हणजे विसावं नाव एकट्या पोराचं नव्हतं, त्यात बाकीची एकोणीस बांधलेली होती.

शनिवारी यादी द्यायची होती. रविवारी ट्रक निघणार. शुक्रवारी संध्याकाळी गुरुजींकडं एकोणीस नावं होती.

विसावं नाव सत्यभामाचं. म्हाळू आणि गीताबाई यांची थोरली. पोरगी गणितात अशी की गुरुजी फळ्यावर बेरीज चुकले तर ती चारचौघांत सांगायची नाही, मधल्या सुट्टीत जाऊन सांगायची. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा होती. पण घरात आठ महिन्यांचा भाऊ होता आणि तिथंच सगळं अडलं होतं.

ऊसतोडीत नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात. एक तोडतो, एक मोळ्या बांधते, गाडी दोघं भरतात. तान्हं पोर असलं तर ते सांभाळायला थोरली मुलगी लागते, नाहीतर बाई कोपीतच, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या खोपटातच, अडकते आणि कोयता निम्माच चालतो. हा हिशेब मुकादम सुंदररावांना तोंडपाठ होता, आणि ते त्या वेळी म्हाळूच्याच ओट्यावर बसलेले. मी गुरुजींबरोबर गेलतो, साक्षीदार म्हणून.

"गुरुजी, तुमी शिकलेले," म्हाळू म्हणाला, "तुमीच सांगा. पोरगी ठिवली तर पोराला फडात कुणाच्या गळ्यात बांधू? मुकादमाच्या?"

"माझ्या गळ्यात आधीच चाळीस कोयते हायेत बे," सुंदरराव म्हणाले. "आगाऊ उचल देताना मी पुरा कोयता धरलाय. अर्धा नेऊन कारखान्याला काय तोंड दावू?"

गुरुजींनी दुकानातली तऱ्हा धरली. आधी गिऱ्हाइकाला बसू द्यायचं. त्यांनी पाणी मागून घेतलं, गीताबाईच्या कडेवरच्या पोराला चुटक्या वाजवून हसवलं आणि म्हणाले, "मुकादम, पोर सांभाळायला माणूस पाहिजे ना? मग ते माणूस बारा वर्षांचंच पाहिजे असं कारखान्यानं लिहून दिलंय का?"

असं म्हणून त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. कोपऱ्यात बाजेवर केशरबाई मिसरी लावत बसल्या होत्या. म्हाळूची आई. साठी उलटलेली, पण बसणं असं की घरातली बाकी माणसं उभी आहेत असं वाटावं.

"माज्याकडं कावून बगता?" केशरबाई म्हणाल्या. "बावीस हंगाम केले मी. बाविसाव्याला कोयता फेकला आन् म्हसोबाला सांगितलं, आता ह्या बाईला फडात बगशील तर बोल लाव. आन् मी गेल्यावर सौंस्थेत कोन बसंल? तुमची बायकू?"

हे मात्र खरं होतं. केशरबाई आमच्या दूध संस्थेच्या महिला राखीव संचालक होत्या. राखीव जागेवर बसवलेल्या बाईनं चहा घ्यावा आणि अंगठा द्यावा, अशी चेअरमन विठ्ठलरावांची अपेक्षा. केशरबाई चहा घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "गेल्या महिन्यात सरकारी पेंडीची पोती आली ती कुटं गेली?" त्यांना वाचता येत नव्हतं. सभेची नोटीस आणि मागच्या सभेचा वृत्तांत सत्यभामा रात्री त्यांना वाचून दाखवायची, दोनदा. म्हणजे संस्थेत प्रश्न आजीच्या तोंडून निघायचा, पण तो मापून द्यायची नात. हे गावात मला ठाऊक होतं आणि गुरुजींना. विठ्ठलरावांना बिचाऱ्यांना वाटायचं की म्हातारीला कुणीतरी विरोधक फूस लावतो.

त्या संध्याकाळी सौदा तुटला. गुरुजी ओट्यावरून उतरले ते चप्पल उलटी घालून.

पण गावात बातमी फिरायला ट्रक लागत नाही. केशरबाईंनी नातीच्या जागी जावं असं गुरुजी म्हणतात, हे विठ्ठलरावांच्या कानावर गेलं आणि त्या रात्री त्यांना शिक्षणाचं महत्त्व पटलं. संस्थेच्या नियमात आहे: सलग तीन सभांना गैरहजर राहील त्याचं संचालकपद जातं. म्हातारी पाच महिने फडात म्हणजे पाच सभा. शनिवारी सकाळी सातलाच ते शाळेत हजर. पांढरं धोतर, टोपी, आणि चेहऱ्यावर असा भाव की पुतळा बसवायला हरकत नाही.

"गुरुजी, लेकरं झोपायची कुठं? ह्या तडा गेलेल्या स्लॅबखाली? न्हाई, न्हाई. संस्थेचा हॉल घ्या. दूध न्हाई तर हॉल मोकळाच हाय. कॅन घ्या पाण्याला. दोन शेगड्या माझ्या घरच्या. आनखी काय?"

"लिहून द्या," गुरुजी म्हणाले.

"आं?"

"आमच्या दुकानात तोंडी चालत नाही."

विठ्ठलरावांनी तिथंच लिहून दिलं. हॉल, सात कॅन, मोठा वजनकाटा, दोन शेगड्या, बारा सतरंज्या, दर हंगामाला. 'दर हंगामाला' हे गुरुजींनी सांगितलं आणि चेअरमननी घाईत लिहिलं. मग ते तडक केशरबाईंकडं गेले.

"काकू, नातीच्या भल्यासाठी एवढं कराच. सौंस्थेचं मी बगतो."

"तेच तर भ्याव हाय," केशरबाई म्हणाल्या.

पण त्या विचारात पडल्या होत्या. दुपारी मी नोटीस द्यायला गेलो तेव्हा आजी-नात ओट्यावर होत्या. सत्यभामा गाठोडं बांधत होती. वह्या बाहेर ठेवलेल्या, भावाचं झबलं आत. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "आजे, पुढच्या नोटिसा सचिवकाकाकडून वाचून घे. पण त्यानं वाचल्यावर पेंडीचा आकडा दुसऱ्यांदा वाचायला लाव. घाईत वाचतो त्यो."

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

केशरबाईंनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मग नातीकडं. माझी किंमत त्या नजरेत कितीला पडली ते मला नीट कळलं.

"तू गेलीस तर मला खुर्ची ऱ्हाईल आन् वाचाया कुणी न्हाई," त्या म्हणाल्या. "मी गेले तर वाचनारी ऱ्हाईल. खुर्चीला काय, ती लाकडाची हाय. सोड ते गाठुडं. माजं लुगडं भर त्यात."

"आजे, तू म्हसोबाला सांगितलंस ना?"

"म्हसोबा काय रोज मोजीत बसलाय व्हय? पोर संबाळाया चालले मी. कोयत्याला हात लावनार न्हाई. ऐका ओ मुकादम!" सुंदरराव रस्त्यानं चालले होते, त्यांना तिथूनच हाक. "माजी कोपी पान्याजवळ पायजे. लांबची दिलीस तर परत ईन."

"मावशे, तुमी चालल्याव फड कुणाच्या हुकमानं चालायचा तेवढं आधी सांगा," सुंदरराव म्हणाले आणि हसत पुढं गेले.

शनिवारी चार वाजता गुरुजी वीस नावांची यादी घेऊन सायकलवर शिरूरला निघाले. रविवारी ट्रक निघाला तेव्हा केशरबाईंचं गाठोडं वर द्यायला स्वतः विठ्ठलराव वाकले. अख्ख्या गावानं पाहिलं. चेअरमननी कुणाचं ओझं उचलल्याची ती पहिलीच वेळ.

मग संस्थेच्या हॉलमध्ये वीस पोरं राहू लागली, आणि मला सांगायला हरकत नाही, त्या हॉलला तेव्हाच काही अर्थ आला. भिवराबाई स्वयंपाकाला. ज्या कॅनमध्ये पूर्वी दूध यायचं त्यात टँकरचं पाणी. वजनकाट्यावर पोरं रोज एकमेकांना तोलायची, त्यातून किलो-ग्रॅमची उदाहरणं. दुधातली चरबी मोजायच्या काचेच्या नळ्या गुरुजींनी विज्ञानाच्या तासाला काढल्या. शाळेत तोवर विज्ञान म्हणजे एक लोहचुंबक, तेही पडून पडून थंड झालेलं.

वाचायला पुस्तकं नव्हती. गुरुजींनी इकडं तिकडं पाहिलं. हॉलच्या खिळ्याला संस्थेच्या उपविधींची पुस्तिका दोरीनं टांगलेली होती, आठ वर्षांत कुणी न उघडलेली. त्यांनी ती उतरवली आणि रोज दोन पानं प्रकट वाचनाला लावली. पोरांना अर्थ कळो न कळो, महिन्याभरात चालीवर पाठ झाली. तिसरीतली रुक्मिणी भांडताना म्हणायची, "तुझं सदस्यत्व रद्द!"

शाळेतला नकाशा गुरुजींनी हॉलच्या भिंतीवर आणला आणि त्याचं भोकही भरलं. पोरांनी आईबापांना पत्रं टाकायची, हा मराठीचा धडा. त्यांची उत्तरं आली की ती पोस्टकार्डं त्या भोकावर आणि भोवती भिंतीवर लावायची: टोळी कुठल्या फडावर, कुठल्या गावात, कुठल्या तारखेला. वीसही पोरांचे आईबाप एकाच टोळीत, आणि टोळीत लिहिता येणारा माणूस एकच, मुकादम सुंदरराव. त्यामुळं सगळी कार्डं एकाच अक्षरात, आणि शेवटी प्रत्येकावर त्यांची सही. हौसेची सही, खाली दोन रेघा ओढलेली.

आता आमच्या संस्थेची एक पद्धत सांगतो. दर पाच तारखेला संचालकांची सभा. संचालक नऊ. त्यातले पाच दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मुकादम धरून; त्या साली केशरबाई धरून सहा. मागं राहिले तिघं: विठ्ठलराव, त्यांचे चुलतभाऊ, आणि गिरणीवाले रामकिसन. नियमानं सभेला पाच तरी लागतात. म्हणून हंगामात सभा मी घरी बसून लिहितो, 'सर्व संचालक हजर, ठराव एकमताने मंजूर', आणि पाडव्याला माणसं परत आली की सह्या-अंगठे घेतो. संस्था निघाल्यापासून आमच्याकडं एकही संचालक एकाही सभेला गैरहजर राहिलेला नाही. जिल्ह्यात असा विक्रम दुसरा नसेल.

पाच फेब्रुवारीला संध्याकाळी विठ्ठलराव हॉलमध्ये आले. पोरांचं जेवण चाललं होतं, गुरुजी वाढत होते. चेअरमन माझ्या टेबलाशी बसून हळू आवाजात म्हणाले, "डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. तिन्ही सभा आता खऱ्या लिहायच्या. केशरबाई गैरहजर. तिसऱ्या सभेत पद रद्द. बाकीचे हजर लिही."

"बाकीचे आठ?" मी विचारलं.

"हां."

हळू आवाज म्हणजे विठ्ठलरावांचा हळू आवाज. पंगतीत पुरता ऐकू गेला. 'पद रद्द' हे शब्द कानावर पडताच चौथीतल्या एका कार्ट्यानं भाकरी ठेवली आणि चालीवर सुरू केलं, "सलग तीन सभांना विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्या संचालकाचे पद..." बाकीच्या एकोणीस गळ्यांनी उचललं, "...रद्द होईल! सभेची गणपूर्ती पाच संचालकांची राहील! गणपूर्तीअभावी सभा..."

"बास, बास!" विठ्ठलराव उठले. "हे काय शिकवताय, गुरुजी?"

"वाचन," गुरुजी म्हणाले. "पुस्तकं तीच होती."

सत्यभामा हात धुऊन आली. डोक्यावर पदर नाही, पण बोलणं तो घेतल्यासारखं. "चेअरमनकाका, आजी गैरहजर खरीच हाय. कडेगावच्या बाजूला हाय ती, हे बगा कार्ड. पण ह्या अक्षराचा मानूस हजर कसा लिवायचा? जानेवारीच्या पाच तारखेलाच टाकलंय त्यानं."

विठ्ठलराव भिंतीजवळ गेले. तिथं बावीस कार्डं होती आणि बावीस कार्डांवर सुंदररावांची दोन रेघांची सही. टपालाचा शिक्का, तारीख, गाव. बाकीच्या चार संचालकांची पत्रंही त्यातच, त्यांच्या पोरांना आलेली. चेअरमन एकेक वाचत गेले. रामकिसन गिरणीवाले नेमके तेव्हाच हॉलमध्ये डोकावले आणि म्हणाले, "काय, सभा हाय का? मी येऊ का हजर ऱ्हायला?"

पोरं हसली. गुरुजींनी डाळीचं पातेलं खाली ठेवलं आणि अगदी दुकानदारी आवाजात म्हणाले, "चेअरमनसाहेब, एक गैरहजर मांडला की सहा मांडावे लागतात. सहा मांडले की सभा नाही. तीन महिने सभा नाही म्हटल्यावर वर कळवावं लागेल. मग साहेब येतील आणि पेंडीची पोतीसुद्धा मोजतील. त्यापेक्षा रोजचंच माप बरं."

भिवराबाईंनी विठ्ठलरावांसमोर ताट ठेवलं, कारण आमच्याकडं पंगतीत उभा माणूस चालत नाही. ते बसले आणि जेवले. दुसरी भाकरी घेताना माझ्याकडं न पाहता म्हणाले, "लिही. सर्व हजर. एकमतानं."

त्या महिन्याअखेर सत्यभामा शिरूरला परीक्षा देऊन आली. येताना म्हणाली, एक प्रश्न चुकीचा छापला होता. मी म्हटलं, चार पुस्तकांतल्या अकरांपैकी एकीनं असं म्हणणं म्हणजे निकाल लागल्यातच जमा. लागलाही पुढं, मे महिन्यात, आणि चांगला लागला.

पाडव्याला ट्रक परत आला. दुसऱ्या दिवशी मी वही आणि शाईचं पॅड घेऊन म्हाळूच्या ओट्यावर गेलो. केशरबाई बाजेवर तशाच बसल्या होत्या, जरा काळवंडलेल्या. नात मांडीला टेकून पाचही सभा वाचून दाखवत होती. आजी मान हलवत होत्या. "मी असं बोलले व्हय सबंत? बरं बोलले."

गीताबाई चहा ठेवायला आत गेली. ती चालताना भिंतीला हात लावत होती. म्हाळूनं मला खुणेनंच बाजूला घेतलं. संक्रांतीपासून तिला ताप होता, सव्वा महिना ती कोपीतच पडून होती. "सत्यीला सांगू नगा म्हनलीय आई. पोरगी कार्ड वाचून पळत आली असती."

"मग कोयता?" मी विचारलं.

त्यानं नुसतं आईकडं पाहिलं.

मी वही पुढं केली. केशरबाईंनी अंगठा शाईवर दाबला, कागदावर टेकवला. उठला तो नुसता काळा गोळा. रेघ एक नाही. दुसऱ्यांदा घेतला, तसाच. अंगठ्याची कातडी उसाच्या पाचटानं आणि कोयत्याच्या मुठीनं घासून गुळगुळीत झाली होती, मधे एक भेग.

"शाई खराब हाय तुजी," केशरबाई नातीकडं न बघता म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. "जुनी आहे."

आता शेवटचा हिशेब. गुरुजींची जागा राहिली, दुसरी खोली दुरुस्तीला मंजूर झाली. विठ्ठलरावांचा हॉल दर हंगामाला गेला, शेगड्या गेल्या, पण खुर्ची राहिली. मुकादमाला कोयता पुरा मिळाला. सत्यभामाला शिष्यवृत्ती. वीस पोरांनी पाच महिने दोन वेळा जेवून वर्ष वाचवलं. मी एक खोटं बोललो, त्याचा मला काही खर्च आला नाही. उरलेलं सगळं, तेविसावा हंगाम आणि म्हसोबाला दिलेला शब्द धरून, केशरबाईंनी भरलं. पावती म्हणून वहीत पाच काळे गोळे आहेत.